परदेशी देणगी आणि सोनबातात्यांचा माईक

सोनबातात्यांना हळू बोलता येत नाही. जेवताना मीठ मागितलं, तर शेजारच्या दोन घरांतून मीठ येईल अशा आवाजात मागतात. मैनाकाकूंचं म्हणणं असं, की लग्न ठरवताना आम्हाला मुलगा दाखवला होता, आवाज दाखवला नव्हता.

या आवाजाचा गावाला मात्र उपयोग आहे. वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून जरा आत, तात्यांचं गाव. कर भरायच्या वेळी ते पुणे महानगरपालिकेत असतं, पाणी सोडायच्या वेळी गाव असतं. चैत्रात तिथे भैरवनाथाची जत्रा भरते. देणगी द्यायची असेल तो माणूस स्टेजवर चढतो आणि पुकारणाऱ्याच्या हातात नोट ठेवतो. पुकारणारा त्याचं नाव, गाव आणि रक्कम माईकवरून साऱ्या जत्रेला ऐकवतो. हा पुकारणारा म्हणजे तात्या. त्यांच्या आधी त्यांचे वडील पुकारत. तेव्हा माईक नव्हता. लागतही नव्हता.

पुकारण्याला नियम आहेत. दानपेटीत टाकलेल्या पैशाबद्दल तात्या अवाक्षर काढत नाहीत. तो देणारा आणि देव यांच्यातला मामला. हातात दिलेला पैसा मात्र पुकारायचाच, आणि पूर्ण पुकारायचा. कोणी दिला, किती दिला, कशासाठी दिला. अट असेल तर तीही. एका वर्षी एका वीटभट्टीवाल्यानं दणदणीत रक्कम दिली आणि तात्यांच्या कानात सांगितलं, की पालखी माझ्या दारापुढे जरा जास्त वेळ थांबू द्या. तात्यांनी रक्कम पुकारली आणि त्याच दमात अट पुकारली. जत्रा हसली. वीटभट्टीवाल्यानं अट मागे घेतली. पैसे परत मागायची त्याला लाज वाटली, त्यामुळे देवळाला नवा कळस झाला.

तात्यांची शेती होती तिथे आता विद्यापीठ आहे. जमिनीच्या पैशातून घर झालं, मुलाचं दुकान झालं, आणि उरलेल्या पैशातून तात्यांनी स्पीकर घेतले. माणसं सोनं घेतात, गाडी घेतात. तात्यांनी मिक्सर, अँप्लिफायर आणि माणसाच्या उंचीचे काळे डबे घेतले. ‘भैरवनाथ साउंड सर्व्हिस’. जमीन गेलेल्यांना काम देऊ, असं विद्यापीठ चालवणाऱ्या संस्थेनं कबूल केलं होतं, म्हणून विद्यापीठाच्या कार्यक्रमांचं साउंड तात्यांकडे आलं. पूर्वी त्यांचा कांद्याचा वाफा होता त्या जागेवर आता कुलगुरूंची गाडी उभी असते. तात्यांना त्याचं वाईट वाटत नाही. कांद्याला भाव नव्हता, कुलगुरूला हाय, एवढंच ते म्हणतात. अर्थात मोठ्यानं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जत्रेच्या तोंडावर पुतण्या घरी आला.

पुतण्याचं नाव रविराज. पांढरा शर्ट, पांढरे बूट, आणि नगरसेवकाच्या तिकिटाची आशा. जत्रा कमिटी यंदा त्याच्या हातात आली होती. त्यानं सांगितलं, की या वर्षी स्टेजमागे एलईडीची भिंत लावायची. देणगीदारांची नावं तिच्यावर फोटोसकट सरकत जातील. शिवाय पुण्याहून निवेदक येईल. तो टीव्हीवाल्या कार्यक्रमांसारखं बोलतो. तात्यांनी आता आराम करावा.

‘आराम करा’ हे तात्यांना आजवर एकदाच कोणी म्हणालं होतं, हर्नियाच्या ऑपरेशननंतर. तेव्हा म्हणणारा निदान डॉक्टर होता.

तात्या उठून मागच्या खोलीत गेले आणि स्पीकरच्या डब्यांवरची धूळ पुसत बसले. मैनाकाकूंनी रविराजला चहा दिला. साखर घातली नाही.

विद्यापीठात त्याच सुमारास एक नवीन इमारत उभी राहिली होती. आंतरराष्ट्रीय मैत्री अध्ययन केंद्र. तिथे शौनक नावाचा मुलगा प्रकल्प सहायक म्हणून लागला होता. मराठी साहित्यात एम. ए., राहायला सदाशिव पेठेत. तो सकाळी घरून निघे आणि नगर रस्त्यावरची खराडीची कोंडी ओलांडून दुपारच्या चहाला कामावर पोचे. फाटकाबाहेरच्या टपरीवर त्याची आणि तात्यांची ओळख झाली. दोघांचं वय, गाव, शिक्षण यांतलं काहीच जुळत नव्हतं. पण शौनक फार कमी बोलायचा, आणि तात्यांना तसाच माणूस हवा होता.

केंद्राची हकीगत शौनकनं त्यांना सांगितली. ओर्लाविया नावाचा एक देश आहे. इमारतीचे सगळे पैसे तिथल्या सरकारनं दिले आहेत. पण तसं म्हणायचं नाही. पैसे सदाशिव पेठेतल्या एका मैत्री प्रतिष्ठानातून वळवून आणले आहेत आणि दारावरच्या संगमरवरावर ‘शुभचिंतकांच्या सहकार्याने’ एवढंच कोरलं आहे. आत शिरल्याबरोबर त्या देशाच्या अध्यक्षांचं मोठं चित्र आहे, घोड्यावर बसलेलं. कोणती पुस्तकं ठेवायची ते त्यांची वकिलात ठरवते. हेमा मॅडम राज्यशास्त्र शिकवतात. त्यांच्या अभ्यासक्रमात ओर्लावियाच्या निवडणुकांवर एक धडा होता. तिथे दर निवडणुकीत अध्यक्षांना जवळजवळ सगळी मतं पडतात, उरलेली माणसं मोजणीनंतर सापडत नाहीत. तो धडा निघाला आणि त्या जागी अश्वपालन आलं. तुरुंगात टाकलेल्या संपादकांवर परिसंवाद व्हायचा होता, तो दुग्धव्यवसायावर झाला. वक्ते तेच होते. तिकिटं काढून झाली होती.

संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा परिसर नुसतं ‘साहेब’ म्हणतो, सहकुटुंब ओर्लावियाला जाऊन आले होते. परत आल्यावर ते प्रत्येक भाषणात शिस्तीचं महत्त्व सांगू लागले.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. निवडणुका आणि संपादक यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना भलतीच गोष्ट लागली.

“एवढी अख्खी इमारत दिली,” ते म्हणाले, “आन् कुणी पुकारलंच न्हाय?”

“नाही.”

“वाया गेली की मंग.”

टपरीवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. शौनकनं त्यांना जरा हळू बोलायला सांगितलं. हळूच बोलत होतो, असं तात्या म्हणाले, आणि ते खरं होतं.

आठवड्याभरात रविराज पुन्हा आला. केंद्राचं उद्घाटन ठरलं होतं. ओर्लावियाचे राजदूत दिल्लीहून येणार होते आणि त्यांना लोकसंस्कृतीची आवड होती. स्वागत अस्सल गावच्या माणसानं, गावच्या आवाजात करावं, अशी त्यांची इच्छा होती. साहेबांनी माणूस आणायचं काम रविराजवर सोपवलं होतं, आणि तिकीट साहेबांच्या हातात होतं. रविराजला आवाज हवा होता. आवाज एकच होता.

त्यानं सौदा मांडला. शौनक चार ओळी लिहून देईल. तात्यांनी फेटा बांधून त्या चार ओळी वाचायच्या. एक शब्द कमी नको, एक शब्द जास्त नको. साहेब खूश झाले, तर यंदाच्या जत्रेचा माईक तात्यांकडेच. निवेदकाला दिलेला आगाऊ पैसा गेला तर गेला.

“चार ओळीच ना?” तात्यांनी विचारलं.

“चारच. आणि तात्या, बाकी कायबी पुकारायचं न्हाय.”

तात्या म्हणाले, मी काय वेडा हाय का. मैनाकाकू आतून म्हणाल्या, की हे रविराजनं मला विचारायला हवं होतं.

शौनकनं चार ओळी लिहिल्या. साहित्याचा विद्यार्थी असल्यामुळे पहिल्यांदा त्या बावीस झाल्या. कुलगुरूंच्या कार्यालयानं कापून चार केल्या. ‘दूरदेशीच्या पाहुण्यांनो, या मातीत आपलं स्वागत असो,’ अशी सुरुवात होती आणि शेवट मैत्रीवर होता. तात्यांनी त्या पाठ केल्या. ते गच्चीवर पाठ करत, त्यामुळे अख्ख्या आळीच्या पाठ झाल्या. पिठाच्या गिरणीत बायका एकमेकींना दूरदेशीचे पाहुणे म्हणू लागल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगांत प्राध्यापक, पत्रकार आणि निमंत्रित. मागे गाव. गावाला नुसत्या भाषणांसाठी आणता येत नाही हे साहेबांना ठाऊक होतं, म्हणून जेवण ठेवलं होतं. स्टेजवर राजदूत, साहेब आणि कुलगुरू. त्यांच्याशेजारी मैत्री प्रतिष्ठानाचे चिटणीस अनंतराव. राजदूतांच्या मागे दुभाषी म्हणून तनया. ती याच केंद्रात ओर्लाविअन भाषा शिकत होती आणि तिचा अभ्यास अजून आज्ञार्थापर्यंतच आला होता.

अनंतराव सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत, दुपारची झोप आणि दुसऱ्याची चूक. दूधवाल्यानं एकदा चुकून एक पिशवी जास्त दिली, तर ती परत करायला ते त्याच्या मागे लक्ष्मी रस्त्यापर्यंत गेले होते. प्रतिष्ठानाचं काम ते विनावेतन पाहत. पैसे कुठून येतात ते त्यांना माहीत होतं. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

तात्यांचं नाव घेतलं गेलं. ते फेटा सावरत माईकशी आले. माईक त्यांचाच होता, त्यामुळे त्यावर टिचकी मारायची गरज नव्हती. तरी मारली. मग त्यांनी चार ओळी वाचल्या. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. खिडक्यांच्या काचा थोड्या थरथरल्या. पहिल्या रांगेतल्या रविराजनं डोळे मिटून श्वास सोडला. जत्रेचा माईक मिळाला होता. तात्यांनाही ते कळलं. ते वळले आणि खाली उतरायला निघाले.

तेवढ्यात राजदूत उठले.

ते खरोखर भारावले होते. त्यांच्या देशात गाणाऱ्या म्हाताऱ्याला बक्षिसी द्यायची रीत असावी. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून आपल्या देशाची एक कोरी नोट काढली आणि दोन्ही हातांनी तात्यांच्या तळव्यावर ठेवली.

स्टेज होतं. माईक होता. हातात नोट आली होती. यानंतर काय करायचं हे तात्या ठरवत नाहीत. ते आपोआप होतं, जसं शिंक आल्यावर होतं. ते माईकपाशी परत गेले.

“ओर्लाविया सरकार,” तात्या म्हणाले, “मुक्काम पोस्ट ओर्लाविया, यांच्याकडून एक नोट. नोटंवर घोडा हाय. रुपयं किती ते बँकेत इचारून सांगू.”

मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. नाव पुकारलं की टाळी वाजवायची हे गावालाही आपोआप होतं. पुढच्या रांगांतले प्राध्यापक हसले, लोककला समजून. तनयानं राजदूतांना सांगितलं, की ते तुमच्या देशाचा गौरव करत आहेत. राजदूतांनी उभं राहून छातीवर हात ठेवला.

इथेच थांबलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण एक नाव पुकारलं गेलं की गाव बसून राहत नाही. मागून एक म्हातारा उठला, स्टेजवर चढला आणि तात्यांच्या हातात दहाची नोट ठेवून गेला. कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. तात्यांनी त्याला पुकारलं. मग सभागृहाचं एसी बसवणारा कंत्राटदार आला. मग तिघं-चौघं आणखी आले. प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या. हे सगळं साहेब बघत होते. साहेबांचं राजकारणातलं आयुष्य गावोगावच्या जत्रांत गेलेलं. आपल्यासमोर दुसऱ्याचं नाव पुकारलं जातंय आणि आपलं नाही, हे त्यांनी आजवर सहन केलं नव्हतं. हात नकळत खिशात गेला. साहेबांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा टाळ्या सगळ्यांत जास्त झाल्या आणि ते समाधानानं खाली बसले. रविराज बसल्या जागी घामानं भिजला होता. त्याला साहेबांना थांबवता येत नव्हतं, आणि साहेबांना न थांबवता तात्यांना थांबवता येत नव्हतं.

तात्या आता रंगात आले होते. हातातल्या नोटा संपल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की सगळ्यांत मोठी देणगी राहूनच गेली. कागदावर ज्याचं नाव तोच देणारा, असं त्यांनी धरलं.

“आन् ही समदी इमारत,” त्यांनी पुकारलं, “मैत्री प्रतिष्ठान, सदाशिव पेठ, पुणे, यांच्याकडून.”

टाळ्या. कुलगुरूंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. कागदोपत्री हेच खरं होतं. तात्यांनी विद्यापीठाचं काम सोपं केलं होतं.

अनंतरावांनी टाळ्या थांबायची वाट पाहिली. मग खुर्ची नीट मागे सारून ते उठले आणि माईकपाशी आले.

“क्षमस्व. एक दुरुस्ती,” ते म्हणाले. “प्रतिष्ठानाने एक दमडीही दिलेली नाही. आमच्यापाशी एवढे पैसे असते, तर आमच्या कार्यालयातला पंखा फिरला असता. सर्व रक्कम ओर्लाविया सरकारची आहे. आमचं फक्त नाव आहे. फुकटच्या टाळ्या आम्हाला नकोत.”

साहेब पाणी पीत होते ते तसेच थांबले. पत्रकार जेवणाची वेळ झाली का ते पाहत होते, त्यांनी माना वर केल्या.

अनंतराव जागेवर जायला वळले. पण चुकीचं पुकारलं गेलं तर ते दुरुस्त करून पुन्हा पुकारायचं, हाही तात्यांचा नियम. आणि देणगी पूर्ण पुकारायची, हा तर पहिला.

“थांबा साहेब,” तात्या अनंतरावांना म्हणाले. “अट काय हाय का तेवढं सांगा.”

सरळ प्रश्न विचारला गेला होता. अनंतरावांनी चष्मा पुसला.

“आहे. नाव कुठेही येऊ नये, ही अट आहे.”

“अट अशी, की नाव येऊ नये,” तात्यांनी पुकारलं.

तिसऱ्या रांगेतून हेमा मॅडम उभ्या राहिल्या. आवाज अगदी शांत, हजेरी घेताना असतो तसा. “आणि निवडणुकांवरचा धडा काढून टाकावा. तीही अट आहे. राहून जायला नको.”

“आन् निवडणुकीचा धडा काढून टाकावा,” तात्या म्हणाले, “ओर्लाविया सरकार, मुक्काम पोस्ट ओर्लाविया.”

गावानं टाळ्या वाजवल्या. राजदूत आपल्या देशाचं नाव ऐकून पुन्हा उभे राहिले आणि वाकले. त्यांनी तनयाला काही विचारलं. तनयानं पाहिलं, की साहेबांचा चेहरा कागदासारखा झालाय. तिनं आपल्याला येत असलेल्या भाषेतून तीन शब्द निवडले. ते प्रेम करतात, असं ती म्हणाली. राजदूतांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सगळं वर्तमानपत्रांत होतं. साहेबांनी सांगितलं, की संस्थेला याची काही कल्पना नव्हती. दारावरच्या संगमरवरावर ताडपत्री बांधली गेली. घोड्यावरचे अध्यक्ष उतरवून गोदामात, तात्यांच्याच स्पीकरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभे केले गेले. चौकशी समिती नेमली. शौनकचीही चौकशी झाली, पण त्याच्या चार ओळींत काहीच चूक सापडली नाही. निवडणुकांवरचा धडा परत आला. अश्वपालन काढायला मात्र वेगळी मंजुरी लागते, म्हणून हेमा मॅडम आता दोन्ही शिकवतात. त्या म्हणतात, की पुष्कळसा भाग सारखाच आहे.

रविराज घरी आला तो उंबऱ्यावरच उभा राहिला. एक शब्द जास्त नको म्हणून सांगितलं होतं, एवढंच तो म्हणाला. जत्रेचा विषय संपला होता. निवेदकाला त्यानं येतानाच फोन केला होता.

त्यानंतर तात्यांचा आवाज बसला. घशाला काही झालं नव्हतं. ते हळू बोलू लागले, इतकंच. टपरीवर त्यांनी चहा मागितला, तर टपरीवाला ‘काय?’ म्हणाला. तात्यांना ‘काय?’ कोणी कधीच म्हटलं नव्हतं. शौनक तिथेच होता.  त्यानं बिस्किटाचा पुडा पुढे केला. घरात तात्यांनी मीठ मागितलं तेव्हा मैनाकाकूंना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. त्यांनी मीठ वाढलं आणि आत जाऊन डोळे पुसले. मग बाहेर येऊन म्हणाल्या, की असलं पुटपुटणं माझ्या घरात चालणार नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी रविराज पुन्हा आला. या वेळी पेढे घेऊन. त्यानं तात्यांच्या पायांना हात लावला आणि सांगितलं, की कमिटीनं फेरविचार केला. उद्या पुकारायला तात्याच. निवेदक वाटलं तर संध्याकाळच्या कुस्त्यांपुरता येईल.

का, ते तात्यांनी विचारलं नाही. तहानलेला माणूस पाणी कुठून आलं ते विचारत नाही. त्यांनी घशासाठी खडीसाखर मागवली. मागवलेली आळीत सगळ्यांना कळली.

जत्रा भरली. गर्दी झाली. एलईडीची भिंत उन्हात दिसत नव्हती, तरी चालू होती. दुपारी पुकारा सुरू झाला आणि तात्यांचा आवाज पुन्हा माळावरून विद्यापीठाच्या भिंतीवर आपटून परत येऊ लागला. गर्दीत एका बाजूला शौनक होता, तो सुट्टी असूनही आला होता. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत मैनाकाकू होत्या.

शेवटी रविराज स्वतः स्टेजवर चढला. त्यानं तात्यांच्या हातात एक जाड पाकीट ठेवलं आणि कानाशी लागून रक्कम सांगितली. तात्यांनी त्याच्याकडे दोनदा पाहिलं.

“कुणाकडून?”

“एक शुभचिंतक म्हणा.”

“शुभचिंतक पेटीत टाकतो. हे हातात दिलंय. नाव सांग.”

रविराजनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. पाकीट ओर्लावियाच्या वकिलातीतून आलं होतं. उद्घाटनाचं चित्रीकरण त्यांच्या अध्यक्षांनी पाहिलं होतं. परक्या मुलखात सामान्य माणसं एवढ्या प्रेमानं आपल्या देशाचं नाव घेतायत, टाळ्या वाजवतायत, हे पाहून ते आनंदले होते. राजदूतांना बढती मिळाली होती. आणि आता अध्यक्षांनी जत्रेला देणगी पाठवली होती. अट एकच. तो फेटेवाला म्हाताराच माईकवर पाहिजे. रविराज म्हणाला, की यंदा तुम्ही इथे उभे आहात ते या पाकिटामुळं. आता शुभचिंतक म्हणा आणि मोकळे व्हा.

तात्या माईक धरून उभे राहिले. गर्दी थांबली होती. आपण उभे आहोत ते कशावर, हे त्यांना आत्ता कळलं होतं. कमिटीनं फेरविचार वगैरे काही केला नव्हता. ‘एक शुभचिंतक’ म्हणायला क्षणही लागला नसता. माईक यंदाही राहिला असता, पुढच्या वर्षीही राहिला असता. पाकिटं येत राहिली असती. बापानं हे कधी केलं असतं का, असा काही विचार त्यांच्या मनात आला की नाही ते सांगता येत नाही. त्यांनी नंतर शौनकला एवढंच सांगितलं, की शुभचिंतक हा शब्द तोंडात बसेना.

“ओर्लाविया सरकार, मुक्काम पोस्ट ओर्लाविया, यांच्याकडून भैरवनाथाच्या जत्रेला,” तात्यांनी पुकारलं आणि रक्कम सांगितली.  “अट अशी,” ते म्हणाले आणि थांबले. मग एका दमात म्हणून टाकलं. “अट अशी, की माईक सोनबाकडंच ऱ्हावा. गावाला मान्य हाय का?”

आधी कोणी हसलं नाही. मग कुठूनतरी एक हसू फुटलं आणि माळभर पसरलं. रविराज स्टेजच्या मागच्या बाजूनं उतरायची जागा शोधू लागला. तात्या मान खाली घालून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मैनाकाकू उठल्या. त्यांना माईक नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही मोठ्यानं बोलायची सवय लागली होती, ती गावानं आज पहिल्यांदा पाहिली.

“परत करा ते पैसं,” त्या म्हणाल्या. “ह्यो आवाज आमी घरात फुकट ऐकतोय. बाहेरच्यानं त्याचं पैसं कशाला द्यायचं?”

टाळ्या इतक्या झाल्या, की तेवढ्या साहेबांनाही कधी झाल्या नव्हत्या. पाकीट रविराजच्या हातात परत गेलं. तात्यांनी तेही पुकारलं. मग त्यांनी माईक टेबलावर ठेवला, फेटा नीट केला आणि पायऱ्या उतरून मैनाकाकूंच्या शेजारी जाऊन बसले. अट गेली होती, तेव्हा माईकही गेला होता. यात त्यांना काही चुकीचं वाटलं नाही. कमिटीनं ज्याला नेमलं त्यानं यावं.

रविराजनं निवेदकाला फोन लावला. स्टेज रिकामं होतं, देणगीदार हातात नोटा घेऊन रांगेत उभे होते, कुस्त्यांचे पैलवान अंग चोळून तयार होते. निवेदक फोनवर म्हणाला, की तो सकाळीच निघालाय. खराडीत आहे. मघाशी खराडीत होता, अजूनही खराडीतच आहे. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून जेवायला बसलाय.

रविराज फोन खिशात ठेवून तात्यांसमोर येऊन उभा राहिला.  तात्यांनी मैनाकाकूंकडे पाहिलं. त्यांनी खडीसाखरेचा खडा पुढे केला.

माईक त्या दिवशी शेवटपर्यंत सोनबातात्यांकडेच राहिला. अट म्हणून नाही. नगर रस्त्यामुळे.